वर्गात शिरताना हात मागे बांधा

आमच्या ग्रामपंचायतीत मी केंद्रचालक आहे. पाटीवर 'आपले सरकार सेवा केंद्र' असं लिहिलंय, गावात मात्र मी 'कॉम्प्युटरवाल्या वहिनी'. माण तालुका, जिल्हा सातारा. दाखले, सात-बारा, पीक विमा, पेन्शनचे फॉर्म, जे येईल ते. माणूस टेबलापुढं येतो आणि बसायच्या आधी फोन माझ्या हातात देतो. "बघा तुमचं तुम्ही, वहिनी." लॉक आधीच उघडलेलं. काहींच्या कव्हरवर मागच्या बाजूला पिन लिहिलेला असतो. चार आकडे, ठळक, पुसू नये म्हणून परमनंट मार्करनं.

तीन वर्षं झाली, मी गावात मोबाईलचा वर्ग चालवते. शेजारच्या गावांतले केंद्रचालक, बचत गटांच्या सीआरपी ताई (गावातल्या गटांना मार्गदर्शन करणाऱ्या), एकदोन गुरुजी विचारत असतात, कसा चालवायचा? दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी माझी फजिती सांगते. पहिला वर्ग घेतला तेव्हा मला एमएस-सीआयटीत जे शिकवलं होतं तेच मी शिकवायला घेतलं. शाळेचा प्रोजेक्टर आणला. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, 'इनपुट' कशाला म्हणतात. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या, दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी एकट्या माझ्या सासूबाई, आणि त्याही घरचं माणूस म्हणून. त्या म्हणाल्या, "आगं, त्यो माऊस मला कशाला? माझ्या पोरीचं तोंड दिसंल असं काय तरी शिकव." नणंद भोसरीला असते. त्या दिवशी प्रोजेक्टर परत केला आणि व्हिडिओ कॉलपासून सुरुवात केली. सासूबाईंना चार दिवस लागले. पाचव्या दिवशी त्यांनी शेजारणीला शिकवलं, तेही माझ्यापेक्षा बरं, कारण कुठं अडतं ते त्यांच्या ताज्या आठवणीत होतं.

आधी गाव बघा

वर्ग भरवण्याआधी आठ-दहा दिवस घरं फिरा. "मोबाईल येतो का?" असं विचारू नका. सगळे 'हो' म्हणतात. यायला न यायला काय, रील तर सगळेच बघतात. त्याऐवजी म्हणा, "मला एक मिस कॉल द्या." मग बघा. नंबर कागदावरून टिपून लावतात, की नावावरून शोधतात, की लेकाला हाक मारतात? एवढ्यावरून कळतं कोण कुठं आहे.

वहीत घरटी एवढंच लिहा: फोन कुणाचा, दिवसभर तो घरात असतो की नवऱ्याबरोबर जातो, वाचता येतं का, आणि आधारला कुठला नंबर जोडलाय. हा शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ ला सुरू झाली तेव्हा फॉर्म आम्हीच भरले, निभावून गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, आलं आणि उघड झालं की आमच्याकडच्या कितीतरी बायकांच्या आधारला पुण्या-मुंबईतल्या लेकाचा नंबर आहे. ओटीपी जायचा पुण्याला, लेक असायचा कंपनीत शिफ्टला, त्याचा फोन लॉकरमध्ये. तो संध्याकाळी आकडे सांगायचा, तोवर ओटीपी केव्हाच शिळा झालेला. आईला फोन उत्तम वापरता येत असता तरी काही उपयोग नव्हता. म्हणून वर्गाच्या आधी नंबर बदलून घ्यायला लावा. आधार केंद्रावर जाऊन तो बदलता येतो. म्हाताऱ्या माणसांसाठी आपल्या पोस्टमनला विचारून बघा, टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेकडून घरी येऊन नंबर जोडायची सोय आहे.

घरात फोन आहे याचा अर्थ बाईकडे फोन आहे असा होत नाही, हेही फिरल्यावरच कळतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३३.३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हा आकडा ५७.१ होता. मला तो आकडा वाचून नवल वाटलं नाही. आमच्या वर्गाच्या दिवशी कुणाकुणाचे नवरे फोन घरी ठेवून रानात जातील याची यादी करावी लागते. दोघं-तिघं कुरकुरतात. त्यांच्या आईला वर्गात बसवलं की कुरकुर थांबते.

वेळ आणि जागा

दुपारी दोन ते साडेतीन. कांदा काढणी आणि ज्वारीची सुगी सोडून. जागा देवळाचा मंडप किंवा अंगणवाडी. ग्रामपंचायतीचं ऑफिस नको, तिथं बायका पदर सावरून कडेला बसतात आणि कुणीतरी पुढारी दारात उभा राहून "काय चाललंय?" विचारतो. बाकी दोनच गोष्टी बघा: रेंज आहे का, आणि प्लग किती. दोन एक्स्टेंशन बोर्ड घेऊन ठेवा. निम्मे फोन दहा टक्के चार्जिंगवरच येतात.

रोजगार हमीच्या कामावरच्या बायका मंडपात येणार नाहीत, तुम्हीच त्यांच्याकडे जा. हे मी केरळकडून उचललं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातली पुल्लमपारा ही पंचायत २०२२ साली पूर्ण डिजिटल साक्षर म्हणून जाहीर झाली. त्यांच्या स्वयंसेवकांनी रोजगार हमीच्या बायकांना कामावरच गाठून शिकवलं होतं. आम्ही तलावाच्या गाळाच्या कामावर गेलो, भाकरी खाऊन झाल्यावरचा अर्धा तास. हात धुतलेले असतात, हा फायदा वेगळाच.

हात मागे

आता मुख्य नियम. शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याच्या फोनला बोट लावायचं नाही. अजिबात नाही. मी वर्गात हात पाठीमागे बांधून फिरते, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबांसारखी. सुरुवातीला फार जड जातं. समोरची बाई एकच बटण पाच मिनिटं शोधते, बोट त्याच्यावरून तीनदा जातं, आणि आपला हात शिवशिवतो. थांबा. तुम्ही एकदा दाबून दिलंत की तिला कळतं, वहिनी करून देतात, आणि ती शिकायची बंद होते. मला हे माहीत आहे कारण टेबलापलीकडून मीच दहा वर्षं लोकांना हेच शिकवत आले होते.

बोटाचीही एक गंमत आहे. रेशन दुकानात ज्यांचा ठसा उमटत नाही, त्यांचं बोट फोनलाही पुष्कळदा कळत नाही. भेगाळलेली, घट्टे पडलेली कातडी. बायकांना वाटतं आपल्यालाच येत नाही. त्यांना सांगा, ओल्या फडक्यानं बोट पुसा आणि अंगठ्याऐवजी करंगळीशेजारचं बोट वापरा, ते कमी झिजलेलं असतं. दुसरी अडचण म्हणजे जोर. दाराची कडी लावावी तसं दाबून धरतात, मग फोनला वाटतं काहीतरी पुसून टाकायचंय. मी म्हणते, "कपाळाला कुंकू टेकवता तसं टेकवा आणि उचला." पुरुषांना हे सांगता येत नाही, त्यांना म्हणते, तंबाखूत चुना जेवढा घेता तेवढ्याच बोटानं.

अक्षरं मोठी करून घ्या, हे पहिल्याच दिवशी. फोनची भाषा मराठी करायची का, हे मात्र ज्याचं त्याला विचारा. मी उत्साहानं सगळ्यांचे फोन मराठी करायला लावले होते. 'ओके' आणि 'बॅक' ज्यांना पाठ होतं त्यांच्यापुढं 'अनुमती द्या' आणि 'स्वीकारा' आलं. दोन आज्या रडकुंडीला आल्या. आणि 'खालचं निळं बटण' असं कधी शिकवू नका. अपडेट आला की बटण वर जातं आणि हिरवं होतं.

काय शिकवायचं

ज्याचं जे काम अडलंय तिथून सुरू करा. तरी साधारण क्रम सांगते.

व्हिडिओ कॉल आधी, कारण त्यात पलीकडून कुणीतरी हसतं. मग बोलून लिहिणं, माईकचं चिन्ह दाबून. माणदेशी बोली फोनला नीट कळत नाही. सासूबाई "जेवलीस का गं" म्हणाल्या तर त्यानं 'जेवलीस का गाव' लिहिलं. नणंदेला कळलं, भागलं.

मग बँकेचा मेसेज. हा इंग्रजीत येतो आणि इथंच लोक दुसऱ्याच्या हाती फोन देतात. वर्गातल्या एका मावशींनी स्वतःच युक्ती काढली. पैसे जमा झाल्याच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर विळ्यासारखं दिसतं. पैसे गेल्याच्या शब्दाचं पहिलं अक्षर म्हणजे पुढं पोट आणि मागं काठी. "विळा दिसला तर माल घरात आला, काठी दिसली तर गेला." मी हे फळ्यावर मोठं काढते. इंग्रजी न येणाऱ्या बायका आता बँकेचा मेसेज स्वतः बघतात. हप्ता आला की नाही हे विचारायला माझ्याकडे येणं थांबलंय.

मग यूपीआय. सगळ्यांना गोल बसवा आणि एकच रुपया फिरवा. पहिलीनं दुसरीला एक रुपया पाठवायचा, दुसरीनं तिसरीला, असं करत तो परत पहिलीकडे. दर वेळी मोठ्यानं विचारायचं: "पिन कुणी टाकला?" पाठवणारी. "घेणारीनं काय केलं?" काही नाही, नुसती बसली होती. अकरा वेळा हे डोळ्यांनी बघितलं की पैसे यायला पिन लागत नाही हे डोक्यात बसतं. मग कुणी फोनवर "पैसे मिळवण्यासाठी पिन टाका" म्हणाला की खटकतं. यावर मी आधी तासभर भाषण द्यायचे, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. साधा बटणांचा फोन असेल त्यांच्यासाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. पण खरं सांगायचं तर आमच्याकडे तो वापरणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

पुरुषांचा वर्ग मी रानात घेते. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः फोटो काढून करायची. फोटोसाठी शेतातच उभं राहावं लागतं, त्यामुळं ते माझ्या टेबलावर होतच नाही. बांधावर चौघं-पाचजण घ्या, एकाचा गट क्रमांक, एकाचं पीक. ज्याचं झालं त्यानं पुढच्याला सांगायचं. नोंद राहिली की सात-बारावर पीक कोरं, आणि त्याचा चटका नुकसानभरपाईच्या वेळी बसतो, त्यामुळं या वर्गाला कुणाला बोलवावं लागत नाही.

फसवणुकीचा धडा शेवटी, पण वेळ काढून. आमच्यातल्याच एका तात्यांना फोन आला, "बिल थकलंय, आज रात्री साडेनऊला मीटर तोडणार, हे ॲप घ्या." त्यांनी घेतलं. कांद्याचे पैसे होते खात्यात. गेले. मला त्याहून वाईट वाटलं ते हे, की लोक हसतील म्हणून तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लगेच लावला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. दोन दिवसांनी कुठलं काय. म्हणून वर्गात मी प्रत्येकाच्या फोनमध्ये १९३० 'चोरी' या नावानं सेव्ह करायला लावते, आणि फसलेल्या माणसाला कुणी हसायचं नाही हे दर वेळी बजावते. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप घालणारी फाईल, उघडायची नाही. पत्रिका फोटोत येते, नाहीतर हळद-कुंकू लावून दारात येते.

आणि कव्हरवरचा पिन आधी पुसायला लावा. मार्कर थोड्या सॅनिटायझरनं निघतो.

पैसा कुठून आणायचा

फार लागत नाही. दोन-चार जुने फोन, रिचार्ज, झेरॉक्स, शिकवणाऱ्या पोरींना थोडं मानधन. पण दर वेळी स्वतःच्या खिशातून किंवा देणगीतून केलं तर दुसऱ्या वर्षी वर्ग बंद पडतो. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. हे पैसे बऱ्याचदा मार्चमध्ये घाईघाईनं खुर्च्या आणि शिलाई मशीनवर जातात. ग्रामसेवकांना (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) जूनमध्येच भेटा. वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित भाग, म्हणजे ठराविक कामांनाच बांधलेला नसलेला, आहे, त्यासाठी काम 'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्यात आधी लिहिलेलं असावं लागतं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला विषय ठेवा. ऐनवेळच्या विषयांत घातलात तर तो चहाबरोबर संपतो.

ठराव कसा लिहिता याला महत्त्व आहे. केंद्रानं २०१७ साली प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं. सहा कोटी ग्रामीण घरं, घरटी एक माणूस, वय १४ ते ६०, वीस तासांचा अभ्यासक्रम आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा. ३१ मार्च २०२४ ला ते संपलं तेव्हा सरकारी हिशेबानं ६.३९ कोटी लोक शिकले होते. आकडा मोठा आहे, आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण घरटी एकच म्हटलं की घरातून बारावीचा पोरगा येतो, ज्याला आधीच सगळं येतं. आणि साठीची अट म्हटली की पेन्शनवाली आजी बाहेर, जिला सगळ्यात जास्त गरज आहे. केरळनं राज्यभराचं काम करताना वरची वयोमर्यादा ठेवली नाही. २१ ऑगस्ट २०२५ ला त्यांनी राज्य पूर्ण डिजिटल साक्षर जाहीर केलं तेव्हा शिकलेल्यांत शंभरी ओलांडलेले आजोबाही होते.

आमचा ठराव असा आहे, हवा तर उतरवून घ्या: "गावातील १४ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीस, वयाची कमाल अट न ठेवता, फोन लावणे, बँकेचा संदेश ओळखणे, पैसे पाठवणे, आपल्या अर्जाची स्थिती पाहणे आणि १९३० वर तक्रार करणे ही पाच कामे स्वतःच्या हाताने करता यावीत, यासाठी वर्ग चालवण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. वर्गानंतर दोन महिन्यांनी घरी जाऊन पडताळणी करण्यात यावी. ज्यांना हे शक्य नाही त्यांच्यासाठी कागदी अर्जाची सोय चालू ठेवण्यात यावी."

शेवटच्या वाक्यावर आमच्या ग्रामसभेत वाद झाला. सगळं ऑनलाइन झाल्यावर कागद कशाला? मी एकच उदाहरण दिलं. गावात एक अंध नाना आहेत. ई-केवायसीला कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकवा म्हणतात, नानांनी काय करायचं? सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात याच अडचणीवर बोट ठेवून डिजिटल सेवा मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय. हे सांगितल्यावर सरपंच म्हणाले, "राहू द्या वाक्य." नाना तसे हुशार आहेत. टॉकबॅक (पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) चालू करून दिल्यावर महिन्याभरात ते फोन ऐकून चालवायला लागले, आता बाजारभाव मला तेच सांगतात. पण चेहऱ्याच्या केवायसीला अजून अडतातच.

आणखी एक शिकवा, जे मोबाईलचं नाही. अर्ज दिला की पोचपावती मागायची. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. तो पोचपावतीचा नंबर घेऊन माणूस स्वतः अर्ज कुठं अडलाय ते बघायला लागला की टेबलापलीकडच्या माणसाची भाषा बदलते. माझीसुद्धा बदलली.

दोन महिन्यांनी

प्रमाणपत्र वाटू नका, निदान लगेच नको. दोन महिन्यांनी घरी जा, चहा घ्या आणि म्हणा, "मला एक रुपया पाठवा." पहिल्या वेळी निम्म्याच्या वर बायका विसरलेल्या होत्या. कारण घरी गेल्यावर फोन पुन्हा नवऱ्याकडे किंवा लेकाकडे. म्हणून आता दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, तासभर 'अडलं-नडलं' ठेवते. शिकवायचं काही नाही, ज्याचं जे अडलंय ते त्यानंच करायचं, मी बघत उभी. फोन हँग होतो म्हणून येणारे जास्त. निम्म्या वेळा गुड मॉर्निंगच्या फोटोंनी जागा भरलेली असते. ते पुसायला शिकवणं अवघड नाही, पुसायला तयार करणं अवघड आहे. आजीला त्यात देव दिसतात.

तुम्ही केंद्रचालक असाल तर एक प्रश्न मनात येईलच: लोक शिकले तर आपलं काय? डिजिटल सहीचा सात-बारा पंधरा रुपयांत माणूस घरबसल्या काढतो, मग तो माझ्याकडे कशाला येईल? येत नाही. माझं सात-बाराचं काम कमी झालंय, हे खरं आहे आणि घरी त्यावरून बोलणंही झालंय. वारसनोंद, किचकट दाखले, चुकलेली नावं ही कामं वाढली, त्यात डोकं जास्त लागतं आणि भांडणं कमी होतात. हिशेब बरोबर बसलाय असं मात्र मी म्हणणार नाही. केंद्रचालकाचं मानधन दाखल्यांच्या संख्येकडे बघून ठरवायचं आणि वर त्यानंच लोकांना शिकवावं अशी अपेक्षा धरायची, हे धोरण आखणाऱ्यांनी एकदा आमच्या खुर्चीत बसून बघावं.

बोर्डावर लावायचा कागदही देऊन ठेवते. आमचा असा असतो, मोठ्या अक्षरात, दळपाच्या गिरणीजवळ आणि दूध डेअरीवर:

"मोबाईलचा वर्ग. मंगळवार, दुपारी दोन. मारुतीच्या मंडपात. वय विचारणार नाही. फोन नसला तरी या. चार्जर असला तर आणा. पिन कुणाला सांगू नका, आम्हालाही नाही."